काळ्या रानांतील मोटार : थार, जिमनी आणि गुरखा

जालन्याहून राजूरच्या गणपतीवरून भोकरदनकडे जाणारा रस्ता केदारखेडा या गांवीं पूर्णा नदीच्या कांठाला येतो. ही पूर्णा अजिंठ्याच्या डोंगरांत उगम पावून शेवटीं गोदावरीस मिळणारी. वऱ्हाडांतून वाहत जाऊन तापीस मिळणारी पूर्णा ती निराळी. गांवापर्यंत कोणतीही साधी मोटार सुखानें येऊं शकते. खरी परीक्षा सुरू होते ती डांबर सोडून शेताकडे वळल्यावर. बिऱ्हाड जालन्यास किंवा छत्रपति संभाजीनगरास आणि वडिलार्जित शेती अशा एखाद्या गांवीं, अशीं सुशिक्षित कुटुंबें मराठवाड्यांत पुष्कळ आहेत. त्यांच्या घरीं चारही चाकांनीं ओढणारी मोटार घेण्याचा विषय निघाला म्हणजे तीन नांवें पुढें येतात : महिंद्र कंपनीची थार, मारुति-सुझुकीची जिमनी आणि फोर्स मोटर्सची गुरखा. तिहींचीं चित्रें जाहिरातींत पाहिलीं तर तिन्ही गाड्या डोंगर चढतांना आणि पाणी उडवितांना दिसतात. परंतु गाडी दहा वर्षें बाळगणाऱ्या मालकास चित्राचा उपयोग नसतो. त्याला चिखल, पाणी, घरचीं माणसें आणि दुरुस्ती यांचा विचार करावा लागतो.

प्रथम मातीचा विचार केला पाहिजे, कारण गाडीचे गुणदोष मातीवरून ठरतात. दख्खनच्या काळ्या पाषाणाची झीज होऊन ही काळी जमीन बनली आहे. तिच्यांत माँटमोरिलोनाइट नांवाची अत्यंत बारीक चिकण माती असते. या मातीचे कण पत्र्यासारखे एकावर एक रचलेले असून त्यांच्या फटींत पाणी शिरलें कीं ते फुगतात आणि पाणी गेलें कीं आक्रसतात. उन्हाळ्यांत याच रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यांत तेंच रान लोण्यासारखें होतें. कापसाला आणि सोयाबीनला जो ओलावा या मातींत टिकतो तोच चाकाचा वैरी. मुरमाड रानांत पाऊस थांबल्यावर चार घटकांत पाणी निचरतें. काळ्या रानांत मात्र वाफसा होण्यास दिवसच्या दिवस लागतात. शेतकरी वाफसा झाल्याशिवाय औत घालीत नाहीं. मोटारवाला मात्र रविवारची सुटी पाहून निघतो, वाफसा पाहून नव्हे. आणि पुष्कळशा फसगती येथूनच सुरू होतात.

या मातींत चाकाचें होतें तरी काय ? चाक फिरूं लागलें कीं माती टायरच्या खांचांत भरते, दोन-चार फेऱ्यांत खांचा लिंपून जातात आणि ज्या टायरवर एवढे पैसे खर्च केले तो गुळगुळीत लाटण्यासारखा होतो. त्यानंतर तो फिरतो, पण पुढें जात नाहीं; फक्त खालीं खणत जातो. येथें मोटारीच्या एका जुन्या अवयवाची ओळख करून घेणें अवश्य आहे. त्याला डिफरेन्शियल म्हणतात. गाडी वळतांना बाहेरच्या चाकाला आंतल्या चाकापेक्षां अधिक अंतर तोडावें लागतें. दोन्ही चाकें एकाच आंसावर पक्कीं जखडलीं असतीं तर प्रत्येक वळणावर एक चाक घासत गेलें असतें. म्हणून आंसाच्या मध्यभागीं दंतचक्रांची अशी योजना केलेली असते कीं दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीनें फिरतां यावें. डांबरी रस्त्यावर ही योजना वरदान आहे. चिखलांत तीच घात करते. कारण या योजनेंत दोन्ही चाकांना सारखाच जोर मिळतो, आणि तो किती मिळावा हें ज्या चाकाखालीं पकड कमी त्यावरून ठरतें. एक चाक राडींत निसटून गरगर फिरूं लागलें कीं कोरड्या बांधावर असलेल्या दुसऱ्या चाकालाही तेवढाच क्षीण जोर पोहोंचतो. एंजिन कितीही बलवान् असलें तरी तें बळ निसटणाऱ्या चाकाबरोबर वायां जातें.

चारही चाकांना गति दिली म्हणजे हा दोष नाहींसा होतो अशी समजूत आहे, पण ती पुरती खरी नाहीं. पुढचें एक आणि मागचें विरुद्ध बाजूचें एक अशीं दोन चाकें निसटलीं कीं चारी चाकांची गाडीही जागच्या जागीं उभी राहते. शेताच्या वाटेवर हा प्रसंग नेहमींचा. बैलगाड्यांनीं आणि ट्रॅक्टरांनीं पाडलेल्या खोल चाकोऱ्या ओलांडतांना गाडी तिरपी होते आणि समोरासमोरचीं दोन चाकें जवळजवळ अधांतरीं राहतात. अशा वेळीं उपयोगी पडते ती डिफरेन्शियलची कडी, म्हणजे लॉक. ही कडी घातली कीं एका आंसावरचीं दोन्ही चाकें एकजीव होऊन फिरतात आणि ज्याच्याखालीं घट्ट जमीन आहे तें चाक गाडी ओढून काढतें. तिन्ही गाड्यांत मोठा भेद आहे तो या कडीच्या बाबतींत, आणि विकत घेणारा नेमका याच गोष्टीकडे सर्वांत कमी लक्ष देतो.

या तिहींचीं कुळें पाहिलीं तर त्यांचे स्वभाव समजण्यास मदत होते. अमेरिकेंत १९४१ पासून लष्करासाठीं विलिस कंपनीची जीप बनूं लागली आणि दुसऱ्या महायुद्धांत तिनें नांव कमावलें. जे. सी. व के. सी. महिंद्र हे बंधु आणि मलिक गुलाम महंमद यांनीं १९४५ सालीं पोलादाच्या व्यापारासाठीं काढलेल्या कंपनीनें १९४७ मध्यें मुंबईस माझगांव येथें या जीपचे सुटे भाग आणून जोडण्यास आरंभ केला. पुढें गुलाम महंमद पाकिस्तानचे अर्थमंत्री व नंतर गव्हर्नर-जनरल झाले आणि १९४८ सालीं कंपनीचें नांव महिंद्र अँड महिंद्र असें झालें. माझगांवास पहिली जीप जोडली गेली तेव्हां केदारखेडा निजामाच्या राज्यांत होतें. भोकरदन तालुका त्यानंतरही दीर्घकाळ औरंगाबाद जिल्ह्यांत राहिला व १ मे १९८१ रोजीं जालना जिल्हा झाला तेव्हां त्यांत आला. थार ही त्याच जीपची वंशज. ती २०१० सालीं प्रथम निघाली आणि २ ऑक्टोबर २०२० रोजीं तिचें अगदीं नवें रूप बाजारांत आलें. ती नाशिकच्या कारखान्यांत तयार होते.

गुरखाचें घराणेंही महाराष्ट्राचेंच. नवलमल फिरोदिया यांनीं १९५८ सालीं स्थापिलेल्या बजाज टेम्पो कंपनीच्या तीनचाकी मालगाडीनें मराठीला 'टेम्पो' हा शब्दच देऊन टाकला. आज कोणत्याही कंपनीच्या लहान मालगाडीला लोक टेम्पोच म्हणतात. पुण्याजवळ आकुर्डी येथें असलेली ही कंपनी २००५ पासून फोर्स मोटर्स या नांवानें ओळखली जाते. तिची ट्रॅक्स आणि क्रूझर हीं वाहनें मराठवाड्यांत वऱ्हाडी मंडळींपासून बाजारकरूंपर्यंत सर्वांच्या परिचयाचीं आहेत. जिमनीचें मूळ जपानचें : सुझुकीनें १९७० सालीं काढलेल्या चिमुकल्या गाडीची ती चौथी पिढी. तिच्याच कुळांतील जिप्सी भारतांत १९८५ पासून २०१८ पर्यंत बनत होती आणि लष्करांत व पोलिसांत तिनें मोठी सेवा केली. पांच दारांची जिमनी ७ जून २०२३ रोजीं येथें विक्रीस आली. भारतांत तिला बेताचेंच गिऱ्हाईक मिळालें. पण तीच भारतांत बनलेली गाडी जानेवारी २०२५ मध्यें जपानांत नेल्यावर अवघ्या कांहीं दिवसांत सुमारें पन्नास हजार मागण्या नोंदल्या गेल्या व नोंदणी थांबवावी लागली. आपल्याकडे गाडीची किंमत तिच्या आकारावरून आंकण्याची जी संवय आहे तिचा हा परिणाम म्हणावा लागेल.

आतां रचनेकडे वळूं. तिन्ही गाड्या पोलादी शिडीसारख्या सांगाड्यावर उभारलेल्या आहेत आणि तिहींत नेहमींसाठीं मागचीं दोन चाकें ओढतात; पुढचीं दोन चालक जोडील तेव्हांच जोडलीं जातात. या जोडणीचा एक नियम मालकानें कायम ध्यानांत ठेवावा. पुढच्या आणि मागच्या आंसांमध्यें तिसरें डिफरेन्शियल या गाड्यांत नाहीं. म्हणून कोरड्या डांबरी रस्त्यावर चारी चाकें जोडून गाडी चालविली तर वळणावर यंत्रांत ताण सांठत जातो आणि दंतचक्रांना इजा होते. ही सोय चिखल, वाळू आणि ओले निसरडे उतार यांच्यासाठीं आहे. तिहींत मंदगतीचा जोडगिअरही आहे. त्यामुळें गति घटून ओढ वाढते. थारमध्यें ती सुमारें अडीचपट होते, जिमनीमध्यें दुप्पट.

गुरखाचे पुढचे आणि मागचे दोन्ही आंस अखंड दांड्याचे असून दोहोंनाही हातानें घालण्याची कडी आहे. चालकानें स्वतः पाहून, थांबून, मागची आणि अगदींच अडलें तर पुढची कडी घालावयाची. या किंमतीच्या मोटारींत दोन्ही आंसांना अशी कडी मिळणें ही असामान्य गोष्ट आहे. अखंड आंसाचा गुण असा कीं एक चाक उंचवट्यावर चढलें कीं दुसरें आपोआप खालीं दाबलें जातें आणि जमिनीशीं संबंध सोडीत नाहीं. तिचें २.६ लिटरचें डिझेल एंजिन मर्सिडीजच्या बनावटीवरून उतरलेलें आहे. २०२१ च्या गाडींत तें सुमारें ९० अश्वशक्तीचें होतें. २०२४ पासून तें १४० अश्वशक्तीचें व ३२० न्यूटन-मीटर ओढीचें झालें आणि त्याच वर्षीं पांच दारांची, सात माणसांची गुरखाही निघाली.

जिमनीचेही दोन्ही आंस अखंड आहेत. परंतु तिला खरी कडी नाहीं. निसटणाऱ्या चाकाला यंत्र आपणहून ब्रेक लावतें, त्यामुळें दुसऱ्या चाकाकडे जोर वळतो. खडकाळ चढावर ही युक्ति फार चांगली चालते. काळ्या चिखलांत मात्र चाकें क्षणभर नव्हे तर सतत निसटत असतात, आणि एका चाकाला रोखीत दुसऱ्याला चालविण्याच्या या खटाटोपांत बराचसा जोर ब्रेक तापविण्यांतच खर्च होतो. तिचें पेट्रोल एंजिन दीड लिटरचें असून ओढ १३४ न्यूटन-मीटर, म्हणजे थारच्या डिझेलच्या निम्म्याहूनही कमी. मग ती या दोघींच्या पंक्तीस बसते कशी ? तर आपल्या वजनानें. जिमनी सुमारें बाराशें किलो भरते. थार पावणेदोन टनांच्या आसपास आणि गुरखा त्याहून जड. चिखलांत रुतण्याची क्रिया वजनावर अवलंबून असते. जी गाडी मुळांतच थोडी रुतते तिला वर काढण्यास थोडें बळ पुरतें. रुतलीच तर चार गड्यांनीं खांदा देऊन हलवितां येईल अशी या तिघींत ती एकटी आहे.

थार या दोघींच्या मधली. तिचा मागचा आंस अखंड आहे आणि पुढचीं चाकें स्वतंत्र स्प्रिंगांवर. याचा लाभ जालन्याच्या रस्त्यावर मिळतो : पुढचा भाग वेगांत स्थिर राहतो आणि सुकाणू नेमकें वाटतें. हानि चाकोऱ्यांत होते, कारण पुढचीं चाकें अखंड आंसाइतकीं वरखालीं होत नाहींत आणि लवकर अधांतरीं येतात. मागच्या आंसाला यांत्रिक कडी मिळते व ती चाक निसटतांच आपणहून बसते. पण ती चारचाकी ओढीच्या सर्वच प्रकारांत दिलेली नसते. पैसे भरण्यापूर्वीं नेमक्या त्याच प्रकारांत कडी आहे किंवा नाहीं हें लेखी विचारून घ्यावें. २.२ लिटर डिझेलची १३० अश्वशक्ति आणि ३०० न्यूटन-मीटर ओढ चिखलासाठीं भरपूर आहे. ओढीचा मोठा भाग थोड्या फेऱ्यांत मिळतो, हें विशेष. चिखलांत एंजिन रेटून चालविणारा हटकून फसतो आणि मंद, सारख्या गतीनें जाणारा पार होतो.

टायरसंबंधीं एक मतभेद नेहमीं ऐकूं येतो. रुंद टायर चांगला कीं अरुंद ? जिमनीचा टायर १९५ मिलिमीटर रुंद. थार आणि नवी गुरखा यांचा २५५ पर्यंत. अरुंद टायर चिखल कापून खालच्या घट्ट थराला जाऊन भिडतो असें त्याचे पुरस्कर्ते म्हणतात, आणि जेथें वीतभर चिखलाखालीं मुरूम आहे तेथें तें खरेंही आहे. परंतु नदीकांठच्या खोल काळ्या जमिनींत हा घट्ट थर पुरुषभर खोदूनही लागेल असें नाहीं. तेथें तळ शोधीत जाणारा टायर आंसापर्यंत रुततो. अशा रानांत वजन पसरणें हाच उपाय, आणि तो रुंद टायरापेक्षांही स्वस्तांत साधतो : टायरांतील हवा कमी करावी. नेहमींची तीस-बत्तीस पौंडांची हवा अठरा-वीसवर आणली कीं टायर पसरतो आणि पकड एकदम सुधारते. मात्र डांबरावर परत येतांच ती भरली पाहिजे, नाहींतर वेगांत टायर तापून फुटतो. म्हणून पंचवीस हजारांचे दिखाऊ दिवे बसविण्याआधीं एक लहानसा हवेचा पंप गाडींत असावा. आणि एवढें करूनही ट्रॅक्टर जेथें जातो तेथें या तिहींपैकीं एकही गाडी जात नाहीं, हें कबूल केलेलें बरें. ट्रॅक्टरचें मागचें चाक पुरुषाच्या खांद्याशीं येतें. मोठ्या व्यासाचें चाक खड्ड्यांत न पडतां त्यावरून जातें, हें तर जुन्या बैलगाडीच्या कारागिरांनाही ठाऊक होतें.

पाण्याचा विषय यापेक्षां गंभीर आहे. थारसाठीं कंपनीनें ६५० मिलिमीटर खोल पाण्यांतून जाण्याची मर्यादा सांगितली आहे, गुरखासाठीं ७०० मिलिमीटर. गुरखाच्या बाजूनें वर गेलेली श्वासनळी पाहून तर गाडी नदी ओलांडण्यासाठींच बनविली आहे असें वाटतें. हे आंकडे खोटे नाहींत. पण ते संथ पाण्याचे आणि घट्ट तळाचे आहेत. श्रावणांतल्या एखाद्या संध्याकाळीं ओढ्यावरच्या फरशी पुलावरून गुडघाभर गढूळ पाणी वाहत असतें, पलीकडे गांवाचे दिवे दिसत असतात, गाडींत मुलेंबाळें असतात. त्या वेळीं चालकाच्या मनांत हाच सातशेंचा आंकडा घोळूं लागला तर तो त्याला फसवितो. हिशेब साधा आहे. जिमनीएवढ्या गाडीचा तळ तीन मीटर लांब आणि दीड मीटर रुंद धरला तर तळाच्या वर चढणारें प्रत्येक दहा सेंटिमीटर पाणी तिला सुमारें साडेचारशें किलोंनीं वर उचलतें. दारांतून पाणी आंत शिरलें नाहीं तर तळाच्या वर फुटाहूनही कमी पाणी चढतांच बाराशें किलोंची गाडी तरंगूं लागेल. आणि तरंगण्याच्या कितीतरी आधीं चाकांवरचें वजन घटून त्यांची पकड गेलेली असेल. थार आणि गुरखा अधिक जड असल्यामुळें त्यांना थोडें अधिक पाणी लागेल, एवढाच फरक. शिवाय वाहत्या पाण्याचा धक्का वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो : वेग दुप्पट झाला तर धक्का चौपट. उंच श्वासनळी एंजिनाला बुडूं देत नाहीं. गाडीला वाहून जाण्यापासून ती वांचवीत नाहीं. चारी चाकें, कड्या, मंदगतीचा गिअर, यांपैकीं कशाचाही तेथें उपयोग नाहीं, कारण जमिनीशीं संबंधच उरलेला नसतो. फरशीवरचा दगडी कठडा किंवा कडेचे खांब दिसेनासे झाले असतील तर अलीकडच्या गांवीं रात्र काढावी. गाडी जितकी दणकट तितका हा निर्णय घेणें जड जातें, आणि या तिन्ही गाड्यांचा खरा धोका तोच आहे.

संथ पाण्यांत मात्र या आंकड्यांना अर्थ आहे. एंजिनाच्या नळकांड्यांत पाणी शिरलें तर तें हवेसारखें दाबलें जात नाहीं. दट्ट्याचा दांडा वांकतो आणि सबंध एंजिन उघडावें लागतें. पाण्यांत गाडी बंद पडल्यास पुनः पुनः किल्ली फिरवूं नये, ओढून बाहेर काढावी.

घरच्या माणसांचा विचार केला म्हणजे पुन्हा निराळा क्रम लागतो. तीन दारांच्या थारमध्यें मागें बसावयाचें तर पुढची बैठक वांकवून, अंग चोरून आंत शिरावें लागतें. तरुणांना त्यांत गंमत वाटते. गुडघे दुखणाऱ्या आजीला नऊवारी सांवरीत तें जमणें कठीण, आणि आजीशिवाय राजूरच्या चतुर्थीला जाणें घरांत कोणालाच रुचत नाहीं. जिमनीला मागचीं दोन दारें आहेत, पण बैठका चारच आणि सर्व बैठका उभ्या असतां मागें सामानाला जागा जेमतेम दोनशें आठ लिटरांची. शेतावरून गव्हाचें एक पोतें आणावयाचें तरी मागची बैठक पाडावी लागते. पांच दारांची थार रॉक्स ऑगस्ट २०२४ मध्यें आली, तिनें पुष्कळ कुटुंबांची अडचण दूर केली. मात्र तिच्या पुढच्या-मागच्या चाकांतलें अंतर २८५० मिलिमीटर, म्हणजे लहान थारपेक्षां चारशें मिलिमीटर अधिक आहे. बांध ओलांडतांना लांब गाडीचें पोट टेंकतें. चारचाकी ओढ तिच्या डिझेल प्रकारांतच मिळते. सात माणसें बसविणारी या मंडळींत पांच दारांची गुरखा एकटीच. पण तिचें सुकाणू, तिचा आवाज आणि तिचें हेलकावणें यांत अजून लष्करी वाहनाचा अंश आहे, आणि लांबच्या प्रवासांत घरची मंडळी तो बोलून दाखविल्याशिवाय राहत नाहींत.

सुरक्षिततेच्या बाबतींत थारच्या बाजूनें निश्चित पुरावा आहे. २०२० सालीं ग्लोबल एनकॅपच्या टक्कर-परीक्षेंत तिला चार तारे मिळाले, आणि रॉक्सला २०२४ मध्यें भारत एनकॅपकडून पांच. जिमनीच्या सर्व प्रकारांत सहा हवेच्या पिशव्या आहेत, गुरखांत दोनच. ज्या कुटुंबाचा नव्वद टक्के प्रवास डांबरी रस्त्यावर व्हावयाचा त्यानें ही गोष्ट चिखलाच्या कड्यांइतकीच महत्त्वाची मानावी.

खर्चाविषयीं थोडक्यांत : जिमनीला कंपनीच्या मोजणीनें लिटरमागें सतरा किलोमीटरच्या जवळपास पडतात आणि टांकी चाळीस लिटरांची, थारची ५७ लिटरांची आहे. दुरुस्तीच्या बाबतींत मारुति आणि महिंद्र यांचें जाळें गुरखाच्या कंपनीपेक्षां कितीतरी दाट आहे. गुरखा घेणाऱ्यानें आपल्या जिल्ह्यांत तिची दुरुस्ती करणारी अधिकृत कार्यशाळा कोठें आहे हें पाहूनच पुढें जावें. क्रूझर दुरुस्त करणारा गांवचा मिस्त्री स्प्रिंगा आणि ब्रेक सहज पाहील. पण नव्या एंजिनाचें इंधन फवारण्याचें काम संगणकाच्या हुकमानें चालतें, तेथें पाना चालत नाहीं.

कराची एक गंमत येथें सांगण्यासारखी आहे. चार मीटरांच्या आंत लांबी आणि पेट्रोल एंजिन बाराशें किंवा डिझेल पंधराशें घनसेंटिमीटरच्या आंत असेल तर त्या मोटारीला २२ सप्टेंबर २०२५ पासून अठरा टक्के कर आहे. एरव्हीं चाळीस टक्के. थार आणि जिमनी दोघींची लांबी सारखीच, ३९८५ मिलिमीटर. पण जिमनीचें पेट्रोल एंजिन १४६२ घनसेंटिमीटरचें, म्हणून ही सर्वांत हलकी गाडी चाळीस टक्क्यांत पडते. आणि दीड लिटर डिझेलची थार, जी तिच्याहून बरीच जड, ती अठरा टक्क्यांत. मात्र ही स्वस्त थार फक्त मागच्या दोन चाकांनीं ओढते. २०२३ मध्यें ती निघाल्यापासून शहरांत तिचा खप चांगला आहे. रूप तेंच, उंची तीच. केदारखेड्याच्या शिवारांत पहिल्या पावसानंतर ती साध्या मोटारीहून फारशी पुढें जाणार नाहीं. रूपासाठीं घ्यावयाची असल्यास हरकत नाहीं, शेतासाठीं घेऊं नये.

मग निवड कशी करावी ? ज्याचें शेत खोल काळ्या रानांत आहे, जो स्वतः यंत्राशीं झटण्यास तयार आहे आणि ज्याला पावसाळ्यांत शेतावर जाणें टाळतां येत नाहीं, त्याच्यासाठीं गुरखा ही तिहींत सर्वांत समर्थ. ज्याची वाट मुरमाची, थोडी खडकाळ आणि अरुंद आहे, घरांत माणसें तीन-चार आहेत, त्यानें जिमनीला लहान म्हणून नाकारूं नये. आणि आठवड्याचे सहा दिवस शहरांत व एक दिवस शेतावर अशी ज्याची स्थिति, म्हणजे बहुतेक कुटुंबांची, त्यांना कडी असलेली चारचाकी थार किंवा डिझेल रॉक्स अधिक सोयीची पडेल. तिहींत निर्विवाद श्रेष्ठ अशी कोणतीच नाहीं, आणि तसें सांगणारा विक्रेता आपल्या मालाविषयीं बोलत असतो.

कोणतीही घेतली तरी शेतावरून परतल्यावर करावयाचें एक काम सर्वांना सारखेंच. काळी माती चाकाच्या आंतल्या बाजूस चिकटून वाळली कीं दगडासारखी होते आणि चाकाचा तोल बिघडवते. दुसऱ्या दिवशीं महामार्गावर सुकाणू थरथरूं लागलें तर यंत्र बिघडलें असें समजून कार्यशाळेंत धांव घेण्यापूर्वीं चाकाच्या आंत हात घालून पाहावा. थार, जिमनी आणि गुरखा या तिहींच्या मागच्या चाकांना बंद डब्याचे ब्रेक आहेत. त्यांत शिरलेला गाळ ब्रेकचीं अस्तरें झिजवितो, म्हणून पावसाळा संपतांच ते उघडून साफ करून घ्यावे. माती ओली असतांनाच नळीनें धुवावी, रेडिएटरच्या जाळीवर पाण्याचा जोरकस झोत मारूं नये. आणि उन्हाळ्यांत गाडी नुसती डांबरावर चालत असली तरी महिन्यांतून एकदां मोकळ्या मातीच्या मैदानांत चारी चाकें जोडून तिला थोडें सरळ फिरवून आणावें, म्हणजे आंतलें तेल सर्व दांत्यांना लागतें आणि आषाढांत ऐन वेळीं दांडा अडकून बसत नाहीं.